झाडावर चढण्याची पहिली स्पर्धा: तयारी, साधनं, शंका

सूरपारंबी
हा धागा ज्यांना दोरावर चढता-उतरता येतं, गाठी हातात बसल्या आहेत, पण स्पर्धेत अजून नाव घातलेलं नाही अशांसाठी आहे. ज्यांना अजून हार्नेसच नवीन आहे त्यांनी आधी प्रशिक्षण पूर्ण करावं. स्पर्धा ही शिकण्याची जागा आहे, पण चढायला शिकण्याची नाही.

आधी स्वरूप. बहुतेक ठिकाणच्या स्पर्धा इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेच्या नियमांवर बेतलेल्या असतात. या स्पर्धांची सुरुवात 1976 साली अमेरिकेत सेंट लुईसला झाली, आणि 2001 पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर महिलांचा वेगळा गट आहे. प्राथमिक फेरीत पाच प्रकार असतात: थ्रोलाइन (पिशवी बांधलेली बारीक दोरी उंच फांदीवरून टाकणं), असेंट (दोरावरून वर जाणं), स्पीड क्लाइंब (वेगाने झाड चढणं), एरियल रेस्क्यू (झाडावरच्या जखमीला खाली आणणं) आणि वर्क क्लाइंब (झाडात फिरून ठरलेली कामं करणं). पाचांचे गुण मिळवून वरचे काही जण मास्टर्स चॅलेंजला जातात. तिथे एकच झाड असतं, दोर टाकण्यापासून दोर काढून घेण्यापर्यंत सगळं स्वतः करायचं आणि परीक्षक पूर्ण काम बघतात. पहिल्या वर्षी मास्टर्सचा विचार बाजूला ठेवा.

माझं ठाम मत असं की पहिल्या स्पर्धेत गुण वेगामुळे मिळतात त्यापेक्षा जास्त बेशिस्तीमुळे जातात. वरून करवत पडली, एक क्षण दोन्ही दोर सुटे राहिले, ओरडून सूचना न देता लाकूड फेकलं, फांदीवरून घसरून झोका गेला: यातल्या काहींना गुण कापतात आणि काहींना थेट बाद करतात. म्हणून तयारीचा क्रम असा धरा. आधी साधनं, मग रेस्क्यू, मग वर्क क्लाइंब, मग थ्रोलाइन. स्पीड आणि असेंट शेवटी.

आणि नियमपुस्तक त्या वर्षीचंच वाचा. नियम बदलतात. पूर्वी फूटलॉक (पावलांत दोर आवळत चढणं) हा प्रकार असायचा, पुरुषांना 15 मीटर आणि महिलांना 12. त्याच्या जागी आता असेंट आलं आहे आणि त्यात नुसतं वर पोचणं पुरत नाही. चढण्याची यंत्रणा लावणं आणि वर गेल्यावर उतरण्याच्या यंत्रणेवर सुरक्षितपणे येणं हेही तपासतात.

दोरखंड
साधनांच्या तपासणीबद्दल मी लिहितो, कारण नवीन माणूस सर्वात जास्त इथेच अडकतो.

तपासणी चढण्याच्या आधी होते आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन होते. नाकारलेली वस्तू त्या स्पर्धेत वापरता येत नाही. त्यामुळे जी नाकारली जाऊ शकते तिची जोड सोबत हवी: एक जादा हिचची (दोराभोवती आवळणाऱ्या, सरकवता येणाऱ्या गाठीची) दोरी, दोन जादा कॅराबिनर (जोडणीच्या धातूच्या कड्या), जादा लॅनयार्ड (कमरेपासून फांदीला लावायचा छोटा दोर).

कॅराबिनर आपोआप बंद होणारा, आपोआप लॉक होणारा आणि उघडायला किमान दोन वेगवेगळ्या हालचाली लागणारा हवा. स्क्रूवाला चालत नाही, कारण फांदीला घासून स्क्रू फिरतो. झाडकामाच्या सुरक्षेच्या अमेरिकी झेड 133 मानकात किमान ताकद 22.24 किलोन्यूटन आहे. युरोपीय ईएन 362 वाले कॅराबिनर साधारण 23 ते 25 चे मिळतात. पण हा आकडा लांबीच्या दिशेचा आहे. आडवा भार आला तर तोच कॅराबिनर 7 ते 8 किलोन्यूटनला जातो, म्हणून हिचचा कॅराबिनर जागेवर धरून ठेवणारा रबर किंवा पिन लावा. स्प्रिंग कोरडी पडून गेट अर्धवट बंद होणं हा नेहमीचा दोष आहे. आदल्या आठवड्यात कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून थोडं कोरडं वंगण द्या आणि गेट दहा वेळा सोडून बघा. दहाही वेळा हात न लावता लॉक झालं पाहिजे.

चढण्याचा दोर झेड 133 प्रमाणे नवा असताना किमान 24.02 किलोन्यूटनचा हवा. व्यास साधारण 11 ते 13 मिमी. युरोपात ईएन 1891 टाइप ए बघतात. पूर्ण दोर बोटांतून सरकवा. आत पोकळ लागणारी जागा, कडक चकचकीत वितळलेला पट्टा, आवरण सरकून झालेला फुगवटा, यांपैकी काही सापडलं तर तो दोर घरी ठेवा. शिवलेल्या डोळ्याचा (टोकाच्या फासाचा) टॅग वाचता आला पाहिजे. टॅग पुसला असेल तर दोर कितीही चांगला असला तरी तपासनीस मान्य करेलच असं नाही.

हेल्मेटबाबत एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ईएन 397 हे कारखान्यातल्या हेल्मेटचं मानक आहे. त्यात हनुवटीचा पट्टा 150 ते 250 न्यूटनला सुटावा अशी अट आहे, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर गळा आवळणार नाही. ईएन 12492 गिर्यारोहणाचं आहे, तिथे पट्टा 500 न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, कारण पडताना हेल्मेट डोक्यावरच हवं. चढताना दुसरा प्रकार लागतो. काही हेल्मेटना दोन्ही जोडणी असतात, ती नीट लावलेली आहे ना बघा.

प्रत्येक यांत्रिक साधनाचं माहितीपत्रक छापून एका फाइलमध्ये ठेवा. तपासनिसाने कधी न पाहिलेलं साधन असेल तर तो पहिल्यांदा तेच मागतो. उत्पादकाने सांगितली नाही अशी जोडणी केली असेल तर ती काढून ठेवा, वाद घालू नका.

नवी_पालवी
धन्यवाद, फारच उपयोगी. माझी शंका पद्धतीबद्दल आहे. मी फिरत्या दोरावर चढते, हिच आणि खाली छोटी पुली. स्पर्धेत बरेच जण स्थिर दोरावर दिसतात. दोन महिने हातात आहेत. बदलावं का?

बेचका
नाही. कामाच्या चढाईसाठी जे हाताला माहीत आहे तेच ठेवा.

कारण सांगतो. फिरत्या दोरात दोर फांदीवरून सरकतो आणि भार दोराच्या दोन बाजूंत वाटला जातो. तुम्ही 1 मीटर दोर ओढला की शरीर अर्धा मीटर वर येतं. मेहनत सोपी, अंतर दुप्पट. स्थिर दोरात 1 मीटरला 1 मीटर, पायांच्या ताकदीने चढता येतं, म्हणून लांब सरळ चढाईला ती पद्धत वेगवान. पण स्थिर दोरात पूर्ण वजन एकाच दोरावर येतं. नुसती हिच तेवढ्या भाराने घट्ट आवळते आणि सुटत नाही, म्हणून वर रोप रेंचसारखं जादा घर्षण देणारं साधन लागतं किंवा त्यासाठीच बनवलेलं यांत्रिक साधन लागतं. त्याची सवय वेगळी, उतरतानाची पकड वेगळी. वर्क क्लाइंबमध्ये वर-खाली, आत-बाहेर असं सतत चालतं आणि तिथे दर वेळी अर्धा सेकंद विचार करावा लागला तर फायदा संपतो.

तुमची हिच मात्र आत्ताच पक्की करा. 8 ते 10 मिमी दोरी, दोन्ही टोकांना शिवलेले डोळे, लांबी 70 ते 85 सेंमीच्या आसपास. व्हीटी, डिस्टेल, मिचोआकान या गाठींपैकी जी येते ती. दोरीचं आवरण उष्णता सहन करणारं, अरामिडचं (केव्हलारच्या जातीच्या धाग्याचं) असावं. डायनिमाचा धागा 150 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, नायलॉन 220 च्या पुढे, अरामिड मात्र वितळतच नाही, फार वरच्या तापमानाला जळतो. घाईत उतरताना हिचखालचा दोर किती तापतो हे ज्याने हात लावून पाहिलं त्याला हे सांगावं लागत नाही.

आणि नवी दोरी स्पर्धेच्या दिवशी बांधू नका. नवीन असताना ती गुळगुळीत असते, उशिरा पकडते. दहाबारा चढाया झाल्यावर तिचा स्वभाव स्थिर होतो, मग तिची लांबी मिलिमीटरने जुळवा.

दोरखंड
बेचकांशी सहमत, पण असेंट अपवाद धरावा. असेंट हा वेगळा प्रकार आहे, त्यात झाडात काम करायचं नसतं. पायाचा असेंडर (दोरावर फक्त वर सरकणारी पकड), गुडघ्याचा असेंडर आणि वर छातीजवळ धरणारं साधन एवढं दोन महिन्यांत नीट बसतं. फक्त वर पोचल्यावर चढण्यावरून उतरण्यावर येण्याचा क्रम जमिनीपासून दोन मीटरवर टांगून रोज करा. चूक हमखास होते ती अशी: उतरण्याचं साधन पूर्ण भाराखाली येण्याआधीच वरचा असेंडर काढला जातो. आधी भार द्या, बसून बघा, मग काढा.

बेचका
मान्य. तेवढा बदल करा.

उंचफांदी
थ्रोलाइनवर कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. याला अंगात ताकद लागत नाही, सराव लागतो, आणि झाडावर न चढताही सराव करता येतो. नवीन माणसाला गुण मिळवण्याची सर्वात सोपी जागा हीच.

दोरी 1.75 ते 2.2 मिमीची, गुळगुळीत आवरणाची, साधारण 50 ते 60 मीटर. जाड दोरी हवेत बाक घेते. पिशव्या 285 ते 450 ग्रॅमच्या. हलकी पिशवी उंच फेकायला सोपी, पण खडबडीत सालीवर ती दोरीला ओढून खाली येत नाही. अशा झाडाला 400 ग्रॅमच्या पुढची लागते. नियमात दोन पिशव्या-दोऱ्या चालत असतील तर वेगळ्या वजनाच्या न्या.

पिशवीच्या कडीला गाठ बारीक आणि आवळणारी हवी. फुगीर गाठ बेचक्यात अडकते. दोरीची घडी चौकोनी घडीच्या पेटीत घाला आणि ती दर फेकीनंतर पुन्हा नीट भरली गेली पाहिजे. निम्म्या फेका इथे वाया जातात: नेम बरोबर, पण दोरीचं वेटोळं पेटीच्या कोपऱ्याला अडकून पिशवी हवेत थांबते.

फेकण्याचे दोन प्रकार. एका हाताने झोका देऊन, कमी उंचीला आणि अरुंद जागेतून जायला. दोन हातांनी, पायांच्या मधून, दोरी दुहेरी करून पिशवी घोट्यांच्या उंचीवर लोंबती ठेवून, जास्त उंचीला. दुसऱ्यात ताकद गुडघ्यातून येते, हातांतून नाही. खांदे लक्ष्याला समोर ठेवा, दोन झोके सरावाचे आणि तिसऱ्याला सोडा. पाचवा-सहावा झोका घेणाऱ्याचा नेम बिघडत जातो.

लक्ष्याच्या वर फेका, लक्ष्यावर नाही. पिशवी फांदीच्या वरून जाऊन उतरायला हवी, म्हणून नजर फांदीच्या एक-दीड मीटर वर.

अडकली तर हिसडा देऊ नका. दोरी सैल करून लाट सोडा, पिशवी बऱ्याचदा स्वतः सुटते. ताणून सोडली तर ती सरळ तोंडावर येते. हेल्मेट आणि डोळ्यांचा चष्मा इथेही लागतोच, आणि दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही.

चढण्याचा दोर वर नेताना क्लोव्ह हिच बांधून पुढे दोन-तीन अर्धगाठी टोकाकडे निमुळत्या होत जातील अशा घ्या. टोक बोथट राहिलं की बेचक्यात ठोकतं.

सराव असा: रोज तीस फेका, पंधरा मिनिटं, एकच फांदी, मग दुसरी. घड्याळ फक्त आठवड्यातून एकदा लावा.

नवी_पालवी
वर्क क्लाइंबमध्ये फांदीवर चालायच्या टप्प्याची धास्ती वाटते. फांदी वाकली की बझर वाजतो म्हणे?

सूरपारंबी
हो, तिथे फांदीवर किती भार गेला हे दाखवणारी व्यवस्था असते. फांदी ठरलेल्यापेक्षा जास्त वाकली की बझर वाजतो किंवा खाली लोंबणारा ओळंबा टेकतो. टोकाशी घंटा असते. बझर न वाजवता घंटा वाजवणाऱ्याला जास्त गुण.

याचं उत्तर पायांत नाही, आधाराच्या उंचीत आहे. वरचा आधार, म्हणजे दोर जिथून खाली येतो ती जागा, जितका उंच, तितका दोर उभा, तितकं वजन दोर उचलतो. आकडे बघा. फांदीवर खोडापासून 6 मीटर बाहेर आहात आणि आधार फांदीच्या 8 मीटर वर आहे. वजन पूर्ण दोरावर ठेवलं तर दोर तुम्हाला खोडाकडे वजनाच्या पाऊणपट ओढतो. आधार 4 मीटरवरच असेल तर ओढ दीडपट होते, ती पायांना पेलवत नाही, म्हणून माणूस नकळत वजन फांदीवर टाकतो आणि बझर वाजतो. आधार 12 मीटर वर असेल तर ओढ निम्मीच राहते.

घसरलात तर काय होतं तेही याच आकड्यांत आहे. 6 मीटर बाहेर, आधार 8 मीटर वर: झोक्यात शरीर 2 मीटर खाली येतं आणि खोडापाशी वेग ताशी 22 किमीच्या पुढे जातो. आधार 4 मीटरवर असला तर ताशी 28. त्यामुळे झाडाची पाहणी करताना पहिला प्रश्न हा विचारायचा की सर्वात लांब फांदीसाठी आधार पुरेसा उंच आहे का, नाहीतर वाटेत दुसऱ्या बेचक्यातून दोर वळवून घेता येतो का. वळवलेला दोर परत येताना काढावा लागतो, त्याचा वेळ धरा.

चालताना दोर सतत ताणलेला ठेवा. एक हात हिचवर, दुसरा दोरावर. कंबर मागे, दोराला बसल्यासारखं. तोंड खोडाकडे ठेवून मागे-मागे किंवा तिरपं जा, पावलं आडवी. हिच थोडी थोडी सोडायची. एकदम वीतभर सोडली की वजन धप्पकन फांदीवर येतं. सरावासाठी फांदीच्या टोकाला दोरी बांधून खाली जमिनीपासून एक वीत वर छोटं वजन लोंबवा. ते टेकलं की चूक.

बाकीचे टप्पे थोडक्यात. हातकरवतीच्या टप्प्यावर आधी लॅनयार्ड लावा, तोल घ्या, मगच करवत म्यानातून काढा, घंटा वाजवा, करवत म्यानात, मग लॅनयार्ड सोडा. हाच क्रम दर वेळी. करवत दोराच्या बाजूला कधीच नाही. लांब दांड्याच्या करवतीत घंटा चुकते ती दांडा दोन्ही हातांनी धरून शरीर मोकळं सोडल्यामुळे, म्हणून आधी पाय रोवा. लाकूड फेकताना खणखणीत आवाजात सूचना द्या आणि खालून उत्तर आल्यावरच फेका. उतरताना शेवटच्या दोन मीटरवर वेग कमी करा, दोन्ही पाय एकाच वेळी टेकवा आणि एक क्षण स्थिर उभे रहा. घाईत येऊन पुढे अडखळलेले किती जण दिसतात!

बेचका
रेस्क्यू. जखमी चढणाऱ्याच्या जागी बाहुला असतो, वेळ बहुतेक ठिकाणी 5 मिनिटं, प्रसंग आधी सांगतात. इथे चढण्याच्या वेगापेक्षा डोकं ठिकाणावर असणं बघतात. प्रत्येक कृती तोंडाने बोलून करा. परीक्षकाला मनातलं दिसत नाही.

जमिनीवर आधी धोका बघा: वीजवाहिनी, तुटलेली लोंबती फांदी, वर अडकलेली करवत. जखमीला हाक मारा, उत्तर येतं का ते पाहा. आपत्कालीन सेवेला फोन करायला एका माणसाला बोट दाखवून सांगा, "कोणीतरी फोन करा" असं नाही: जागा कुठे, काय झालं, जखमी किती उंचीवर, शुद्धीत आहे का. गाडीला रस्ता दाखवायला दुसरा माणूस. जखमीचा दोर आणि त्याचा आधार शाबूत आहे का हे खालून पाहा. तयार असलेल्या दोरावर चढणार असाल तर त्यावर पूर्ण वजन टाकून आधी तपासा.

वर जाताना जखमीच्या दोरावर भार देऊ नका आणि त्याच्यावर काही पाडू नका. थोडं वरून किंवा बाजूने पोचा. पोचताच स्वतःचा लॅनयार्ड. मग श्वास, रक्तस्राव, मानेची स्थिती, आणि त्याच्याशी बोलणं, तो बेशुद्ध असला तरी. त्याची यंत्रणा चालते का ते हाताने बघा. चालत असेल तर त्याच्याच दोरावर त्याला उतरवणं सर्वात सोपं, तुम्ही शेजारून उतरता. चालत नसेल तर तुमच्या हार्नेसला जोडा, पण तुमची हिच दोघांच्या वजनाने आवळते. हे आधी जड पोतं लावून करून पाहिलेलं असावं, कारण एकट्याला हळूच उतरवणारी हिच दोघांना घेऊन एकतर अडकते नाहीतर एकदम सुटते.

जोडणी झाल्यावर, आणि नंतरच, त्याचा लॅनयार्ड सोडायचा. हा क्रम उलटा झाला की सगळं गेलं. उतरताना त्याच्या आणि फांद्यांच्या मध्ये तुमचं शरीर, डोकं आणि मान सांभाळलेली. जमिनीवर अलगद टेकवा. पाय आधी टेकवून गुडघ्यांत दुमडून टाकलेला बाहुला परीक्षक लगेच टिपतात.

सरावाच्या वेळी दोन जणांना खाली उभं करून एकाला फक्त तुमची बोललेली वाक्यं टिपायला सांगा. पहिल्या सरावात निम्मी गाळलेली असतात.

उंचफांदी
+1. बोलण्याचा सराव कोरडाही करता येतो.

दोरखंड
स्पीड क्लाइंबबद्दल थोडंच. साधारण 18 मीटर, खालून बिलेअर दोर धरतो, वर घंटा. चढायचं हातापायांनी, झाडावरून. आदल्या दिवशी वाट बघू देतात तेव्हा पहिले पाच पकडीचे टप्पे पाठ करा, पुढचं आपोआप सुचतं. पाय नेहमी फांदी खोडाला मिळते तिथेच टेकवा, तिथे ती सर्वात मजबूत असते. हातांनी स्वतःला ओढत राहिलात तर दहा मीटरवर पुढचे हात भरून येतात आणि बोटं बंदच होत नाहीत. घंटा नीट ऐकू येईल अशी वाजवा.

नवी_पालवी
व्यायामाचं वेळापत्रक कोणी सांगेल? आणि आधीचे दोन-तीन दिवस काय करावं?

उंचफांदी
आठ आठवडे धरले तर आठवड्यात दोन दिवस झाडावर, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. ताकदीला पुल-अप, बारला नुसतं लटकून राहणं 30 ते 40 सेकंदांचे चार फेरे, एका पायावर उंच पायरी चढणं, पोटाचे स्नायू. असेंटसाठी 15 मीटरच्या सहा चढाया, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. सहाव्या चढाईत क्रम चुकायला लागला तर थांबा. थकलेल्या अंगाने केलेला सराव चुकीचीच सवय लावतो.

शेवटचे दोन दिवस चढायचं नाही. तळहातावर फोड असतील तर कडा घासून सपाट करा, फाटलेल्या कातडीने दोर पकडवत नाही. त्या दिवशी दोन प्रकारांच्या मध्ये तास-दोन तास जातात. पाणी आणि थोडं थोडं खाणं जवळ ठेवा, अंग गार पडू देऊ नका.

सूरपारंबी
शक्य असेल तर आधीच्या एखाद्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून उभे रहा, विशेषतः वर्क क्लाइंबच्या झाडाखाली. परीक्षक कशावर गुण कापतात ते कानाने ऐकू येतं आणि चांगले चढणारे वाट कशी ठरवतात ते सलग बघायला मिळतं. नियमपुस्तक वाचून हे कळत नाही. तांत्रिक मदतनीसांची गरज आयोजकांना नेहमीच असते.

नवी_पालवी
शेवटची शंका. पाऊस पडला तर?

बेचका
स्पर्धा थांबवायची की नाही ते आयोजक ठरवतात. तुमच्याकडून दोन गोष्टी. ओला दोर फुगतो आणि हिच जास्त पकडते, सुटताना झटका देते. त्यासाठी हिचचा एक वेढा कमी करण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण ऊन पडून दोर वाळला की तीच हिच पकडणार नाही. वेढे तेच ठेवा, पुली वर सरकवायला जास्त ताकद लागेल एवढं धरून चला. दुसरं, ओली गुळगुळीत साल असलेल्या फांदीवर पाऊल टाकण्याआधी दोर पूर्ण ताणा, आणि सरावातले दोन दिवस मुद्दाम ओल्या दोरावर काढा. दोर बादलीत बुडवून घेतला तरी चालतं, त्यासाठी पावसाची वाट बघायला नको.